टाचणीच्या डोक्याएवढा वास

१४ जानेवारी

प्रिय टाचणी,

लंबूचं झाड फुललं. एका दांडीवर सात फुलं आली आहेत, पिवळी, ओठावर तांबडे ठिपके, सगळं दर वर्षीसारखं. फक्त वास नाही.

सकाळी जिन्याच्या काचेवर ऊन आलं की मी खुर्ची टाकून बसते. तुला आठवत असेल, ऊन पडेपर्यंत हे झाड मख्खासारखं उभं असायचं आणि ऊन पडलं की सगळा जिना भरून टाकायचं. खालच्या बाई हातात पिशवी घेऊन मधल्या पायरीवर उगाच थांबायच्या. यंदा मी फुलात नाक खुपसून बसले तरी काही म्हणजे काही नाही. लंबू गेल्यावर दोन वर्षं त्याने इमानेइतबारे वास दिला, आता तिसऱ्या वर्षी त्याचं काय बिनसलं कोण जाणे.

लंबूने तिच्या टेलिफोन ऑफिसातून ही ऑर्किडची वाळकी काडी आणली तेव्हा मी म्हटलं होतं, दोन खोल्यांत आपण दोघी मावत नाही, हे तिसरं कशाला. आता तिसरंच तेवढं माझ्या सोबतीला आहे.

तर तू ते बघ. तुझी नोकरी मला अजून नीट कळलेली नाही, पण फुलांचे तुकडे मोठे करून बघायचा तुला पगार मिळतो, एवढं मी शेजारीपाजारी सांगते.

दुसरी बातमी तुला तुझ्या बाबाकडून कळलीच असेल. परवा दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला. मी जिन्यात होते, रेडिओ चालू होता, लक्ष गेलं नाही, एवढंच. खालच्या बाईंनी लगेच दादाला फोन लावला आणि दादाने "आता तू एकटी राहायचं नाहीस" हे पालुपद पुन्हा सुरू केलं. त्याच्याकडे चौथ्या मजल्यावर माझ्यासाठी खोली तयार आहे म्हणे. ती खोली मी पाहिली आहे. तिची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते. तिथे मी एक वेळ राहीन, पण हे झाड महिनाभरात जाईल, आणि झाड सोडून मी कुठे जाणार नाही हे त्याच्या डोक्यात शिरत नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू "बरी आहेस ना" विचारतेस, मी "बरी आहे" म्हणते, आणि झालं.

आत्या


२३ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझ्या पाकिटाला अजून शिंप्याचा खडू लागलेला असतो. रिटायर होऊनही कात्री सुटलेली दिसत नाही.

झाडाचं सांगते. मधमाशी ज्या पाकळीवर येऊन बसते तिला आमच्याकडेही ओठच म्हणतात. त्या ओठावर बारीक केस असतात. नुसत्या डोळ्यांना मखमल वाटते. त्यातले काही साधे आणि काही वास करणारे. तुझ्या पिनकुशनमध्ये गोल डोक्याच्या टाचण्या आहेत ना, हे केस थेट तसेच: खाली देठ, वर डोकं. वासाचं तेल त्या डोक्यात तयार होतं आणि वरच्या पातळ सालीखाली साठतं, भाजल्यावर फोडात पाणी साठतं तसं. ऊन लागलं की ते झिरपतं आणि उडतं. वास म्हणजे तेवढंच. तेव्हा बिघाड असेल तर तो त्या टाचण्यांत असणार.

औषधाच्या दुकानातून स्पिरिट आण. पाच फुलांचे ओठ कापून लगेच बाटलीत बुडव, बूच घट्ट लाव आणि पाठव. आमच्याकडे सगळे नमुने असेच येतात.

माझी शाळा तुमच्या घराजवळ होती म्हणून मी तुमच्याकडे राहायचे, तेव्हा सकाळी दप्तर पाठीला लावून लंबूशेजारी जिन्यात उभी राहायचे ते आज दिवसभर आठवतंय. घंटा होऊन जायची आणि ती म्हणायची, अजून एकदा घे आणि मग पळ.

यायचं मनात आहे. काम उरकलं की बघते.

तुझी टाचणी


४ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

बाटली पाठवते आहे. जन्मभर लोकांचं महागामोलाचं कापड कापलं, कधी हात कापला नाही. पण ह्या ओठांवर कात्री चालवताना मला लंबूच्या खाणाखुणा करणाऱ्या भुवया दिसायला लागल्या. दोन फुलं ठेवली आहेत. ती बिनवासाचीच उभी आहेत बिचारी.

खरं सांगू का, हल्ली कशातच राम राहिलेला नाही. साबणवाल्यांनी साबणातला वास काढून टाकलाय. लवंगा आणल्या त्या भुशासारख्या. दुकानदाराला सुनावलं तर तो म्हणतो, आजी, काल आलेला माल आहे. मला आजी म्हणाला, त्याचा मी वेगळा समाचार घेतला.

तिचा तो निळा स्वेटर मी ट्रंकेत ठेवला होता. मध्यंतरी काढून बघितला. तोही नुसती लोकर झालाय.

"काम उरकलं की बघते" हे तू गेल्या वर्षीही लिहिलं होतंस. मी काही म्हणत नाही.

आत्या


२६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझ्या ओठांचं काम झालं. म्हणजे फुलाच्या.

आधी एक ओठ पूर्ण वाळवला आणि त्याच्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा दिला. आमच्या मोठ्या मायक्रोस्कोपला त्याशिवाय दिसत नाही. पडद्यावर इतकं सुंदर रान उभं राहिलं की तुला दाखवावंसं वाटलं. ओठाच्या मधल्या खोलगट भागात नुसत्या टाचण्याच टाचण्या, दाटीवाटीने, प्रत्येकीला देठ आणि डोकं. पण डोकी चेपलेली. हवा गेलेल्या चेंडूसारखी.

मग दुसऱ्या ओठाचे ब्लेडने पातळ काप काढले आणि तेलाला लाल करणारा रंग त्यांच्यावर टाकला. तेल असेल तिथे लाल थेंब दिसायला हवेत. आत्या, एकही लाल थेंब नाही. सालीखालची जागा मोकळी. सगळ्या टाचण्या रिकाम्या आहेत.

झाड म्हातारं झालं असेल. इतक्या वर्षांनी होतं असं. मला हे लिहायला फार जड जातंय, कारण माझ्याही मनात होतं की एकदा येऊन तो वास घ्यायचा. आता वाटतं मीच उशीर केला.

टाचणी


६ मार्च

प्रिय टाचणी,

तुझं पत्र जिन्यातच उभ्याने वाचलं आणि मग खाली जाऊन खालच्या बाईंनाही वाचून दाखवलं. त्यांना म्हटलं, बघा, माझी भाची सोन्याचा मुलामा देऊन सांगते आहे, झाडच रिकामं झालंय. त्या बघतच राहिल्या.

तू अशी रडवेली का झालीस? वय झालं त्याचं, संपलं. माणसाचं होतं तसं झाडाचं होतं. आता मी त्याच्याशी जुळवून घेतलंय. रोज पाणी घालते, पानं पुसते, आणि त्याला सांगते की तू नको मनाला लावून घेऊस. फार दिवसांनी मला शांत झोप लागली.

सोन्याच्या मुलाम्याचं वाचून हसू आलं. लंबूला जन्मात कुणी साधी अंगठी दिली नाही आणि तिच्या फुलाला हा थाट.

दादाला मी तुझं पत्र दाखवणार आहे. त्याचं म्हणणं होतं की मलाच काहीतरी झालंय.

आत्या


२९ मार्च

प्रिय आत्या,

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. बाबांना माझं आधीचं पत्र दाखवलं असशील तर दाखवलंस, नसशील तर दाखवू नकोस. ते चुकीचं आहे. चूक माझी आहे.

आमच्या विभागातल्या मोठ्या बाई माझे काप बघत होत्या. त्यांनी विचारलं, हे कशात ठेवले होते? मी म्हटलं, स्पिरिटमध्ये, नेहमीसारखे. त्या चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग माझ्याच डोक्यात उजेड पडला. स्पिरिटमध्ये तेल विरघळतं. कपड्यावरचा तेलाचा डाग तूच मला स्पिरिटने काढायला शिकवलंस. मी आजवर फक्त केसांचं रूप बघत आले, त्यांच्या पोटात काय आहे ते कधी बघावं लागलं नव्हतं, म्हणून हात सवयीने स्पिरिटकडे गेला. मीच तुला टाचण्या धुऊन पाठवायला सांगितलं आणि मग म्हटलं, त्या रिकाम्या आहेत.

तुझी बाटली टेबलावर तशीच होती. ती मी मोरीत ओतणार होते. बूच काढून वास घेतला तर स्पिरिटच नाकात झोंबलं. मग टिपकागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकला, वाळू दिला, त्याच्यावर दुसरा, मग तिसरा. स्पिरिट उडून गेलं. आणि आत्या, मागे जिना राहिला. आधी लवंग, मग उन्हाने तापलेलं कठड्याचं लाकूड, आणि अगदी शेवटी काहीतरी गोडसर, ज्याला मला कधीच नाव देता आलं नाही. मी पट्टी नाकाशी धरून खुर्चीत बसून रडले. बाई दार ओढून घेऊन बाहेर गेल्या.

झाड ठणठणीत आहे. यंदाही त्याने वास दिला होता, तुझ्या नाकासमोर.

मग मी तुझी पत्रं पुन्हा वाचली. करपलेलं दूध. साबण. लवंगा. लंबूचा स्वेटर. मी टाचण्या रिकाम्या म्हटल्यावर तुला झालेला आनंद तेव्हा मला कळलाच नव्हता. आत्या, तुला वास येत नाही का? मला खरं सांग. मी बाबांना सांगणार नाही. पण तुझ्याकडे गॅस आहे आणि तू एकटी आहेस.

टाचणी


१२ मे

आत्या,

तुझं उत्तर नाही. बाबा म्हणतात तू बरी आहेस, फोनवर नेहमीसारखी त्यांच्यावर खेकसलीस. मी त्यांना काही बोललेले नाही.

रागावली असशील. मी ते पत्र लिहिलं नसतं तर तुझी झोप शाबूत राहिली असती, हे मला कळतं. लिहू नये असंही मनात आलं होतं. पण रात्रंदिवस तो गॅस माझ्या डोळ्यांसमोर येतो.

मी का येत नाही ते तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. लंबू गेल्यावर आले होते तेव्हा जिन्यात तिच्या त्या लांबलचक चपला नव्हत्या. त्या जागेवरून वर येताना माझा पाय उचलेना. तेव्हापासून मी कामाची सबब सांगते आहे. मला तुझी आठवण येत नाही असा एकही दिवस नसतो.

दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

टाचणी


२७ मे

टाचणी,

शिव्या देणार होते. मग चष्मा सापडला नाही, तोवर राग गेला.

नाही येत मला वास. गेल्या वर्षी ताप आला होता, त्यानंतर हळूहळू कमी झाला आणि मग गेलाच. डॉक्टर म्हणाला, कदाचित परत येईल, कदाचित नाही. आणि दूध करपलं ते काहीच नाही. त्याच्या आधी एकदा वाऱ्याने गॅसची ज्योत विझली आणि मी शेजारी बसून कापड उसवत होते, मजेत. खालच्या बाई धावत वर आल्या, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी म्हटलं, मला सर्दी झाली आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी मला दादाला सांगायची मुदत दिली होती.

आता तुला वाटेल म्हातारी चौथ्या मजल्याला घाबरून लपवत होती. ते तर होतंच. पण ते एवढंच असतं तर मी तुला कशाला लिहिलं असतं?

साबणाचा गेला, लवंगेचा गेला, मला काही वाटलं नाही. स्वेटरचा गेला तेव्हा मी रात्री जेवले नाही. मग झाडाला कळ्या आल्या आणि मी ठरवलं, बाकी कशाचा नको, ह्याचा येईल. फुलं उमलली आणि त्यांचाही आला नाही. तेव्हा मनात आलं, झाडच संपलं असेल तर बरं. म्हणजे लंबू आता पुरती गेली, एवढं एकदा रडून मोकळं होता येईल. तू लिहिलंस टाचण्या रिकाम्या, आणि मी म्हटलं, सुटले.

मग तुझं दुसरं पत्र. म्हणजे ती रोज सकाळी ऊन आलं की येते आहे, जिना चढून दारापर्यंत येते आहे, आणि मीच घरात नाही. हे मला सोसेना. म्हणून नाही लिहिलं.

तू लिहिलंस लवंग, तापलेलं लाकूड आणि काहीतरी गोडसर. मी ते वाचून डोळे मिटून बसते. शब्द येतात, वास येत नाही. तिचा आवाज मला आठवतो, तिची चाल आठवते, भांडण तर शब्दाला शब्द आठवतं. वास नाही आठवत. तो समोर असावाच लागतो.

दादाला मीच सांगितलं, काल. तो म्हणाला, सामान बांध. मी म्हटलं, गॅस काढून टाकते, विजेची शेगडी आण. खालच्या बाईंनी फोन घेऊन त्याला सांगितलं की सकाळ-संध्याकाळ त्या वर डोकावून जातील. एक वर्ष बघू म्हणाला. एक वर्ष मिळालं.

तू चपलांचं लिहिलंस. त्या मीच काढून ठेवल्या. मलाही चढवत नव्हतं.

आत्या


१९ डिसेंबर

प्रिय आत्या,

डबा मिळाला. बटणांच्या डब्यात ओल्या कापसावर फूल, वर तुझं बारीक अक्षर: "धुतलेलं नाही." बाईंनी ते अक्षर सगळ्यांना दाखवलं, माझी चांगली शोभा झाली.

ताज्या ओठाचा काप काढला, स्पिरिट लांब ठेवलं, रंग टाकला. प्रत्येक टाचणीच्या डोक्यात सालीखाली लाल मणी. काही इतके भरलेले की साल ताणून चकचकीत झाली होती, आणि एका केसाच्या टोकावर थेंब नुकताच बाहेर आला होता. त्याचा फोटो मोठा करून ह्यासोबत पाठवते आहे. तुला नाकाने घेता येत नाही, निदान डोळ्यांनी बघ. तो थेंब म्हणजे वास आहे.

टाचणी


१० जानेवारी

प्रिय टाचणी,

फोटो जिन्यात कुंडीशेजारी लावलाय. दादा येऊन गेला, त्याने चष्मा वर करून विचारलं, ही चेरी कसली? मी समजावून सांगितलं. त्याने फुलाचा वास घेतला, फोटोकडे बघितलं आणि पुन्हा वास घेतला. जाताना सामानाचं काही बोलला नाही.

आता मला एक नाद लागलाय. जो जिना चढेल त्याला मी धरते आणि वास घ्यायला लावते. मीटर बघायला आलेला म्हणाला, खोकल्याच्या औषधासारखा. पोस्टमनला सर्दी झाली होती. खालच्या बाई म्हणाल्या, पूर्वीसारखाच हो, आणि डोळ्यांना पदर लावून खाली गेल्या. सगळे मला वास कसा आहे ते सांगत बसतात. सांगून काय उपयोग, हे माझं मलाच उशिरा कळलं.

पण काल त्या मीटरवाल्याने वाकून वास घेतला तेव्हा क्षणभर त्याचा चेहरा सैल पडला, आणि मला लंबू दिसली. ती वास घ्यायची तेव्हा आधी मान तिरकी करायची, मग डोळे मिटायची, आणि तिचा खालचा ओठ नकळत पुढे यायचा, हट्टी पोरासारखा. मी तिला चिडवायचे. तू दप्तर पाठीला लावून तिच्या शेजारी उभी राहायचीस आणि हुबेहूब तिची नक्कल करायचीस. पुढे ती नक्कल राहिली नाही, तुझीच सवय झाली. तुला स्वतःला ते ठाऊक नसेल. आता अख्ख्या जगात तसा वास घेणारी तू एकटीच आहेस.

फुलं अजून पंधरवडाभर टिकतील. लंबूच्या चपला मी पुन्हा जिन्यात काढून ठेवल्या आहेत, त्यांच्या शेजारी तुझ्या ठेव. काम उरकायची वाट बघू नकोस, ये. वास कसा आहे ते मला सांगू नकोस. सकाळी ऊन आलं की फुलाजवळ उभी राहा आणि वास घे. मी खुर्चीत बसून तुझ्याकडे बघेन.

आत्या